अनेक गळे, एकच खर्ज: मॅसिव्ह अटॅकचा ‘कलेक्टेड’ कसा ऐकावा

एखाद्या बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह म्हटला, की आपण काही गोष्टी गृहीतच धरतो. आत एक ओळखीचा गळा असेल, गाणी जुन्याकडून नव्याकडे लावलेली असतील आणि त्यांतली बहुतेक कधी ना कधी लोकांच्या तोंडी बसलेली असतील, असे आपल्याला वाटते. ‘मॅसिव्ह अटॅक’ या ब्रिटिश बँडचा, मार्च २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कलेक्टेड’ हा अल्बम याच प्रकारात मोडतो, पण यांपैकी एकही अपेक्षा तो पुरी करत नाही. त्यातल्या चौदा गाण्यांत निदान आठ पाहुणे गायक-गायिका आहेत, आणि बँडमधले दोघे अधूनमधून कानाशी पुटपुटल्यासारखे रॅप करतात, ते वेगळेच. गाण्यांचा क्रम काळानुसार नाही. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत पोचलेले गाणे शोधायला गेले, तर या चौदांत ते एकच सापडते. असे असूनही अल्बम सलग ऐकणाऱ्याला हे सगळे एकाच घरचे आहे, याविषयी शंका उरत नाही. गळा बदलतो, वर्षे मागेपुढे होतात, मग एकपणा कशामुळे जाणवतो, हे समजून घेतले की ज्यात हा बँड धरला जातो त्या ‘ट्रिप हॉप’ या काहीशा गूढ वाटणाऱ्या संगीतप्रकाराचेही बरेचसे कोडे सुटते.

या संगीताची सुरुवात ब्रिस्टलमध्ये झाली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचे हे बंदर अटलांटिक व्यापारावर, आणि त्यात गुलामांच्या व्यापारावरही, श्रीमंत झाले. भारतीय वाचकाला हे गाव बहुधा राजा राममोहन रॉय यांच्यामुळे ठाऊक असते. १८३३ मध्ये त्यांचा मृत्यू तेथेच झाला आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेली पुष्कळ कुटुंबे ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स या भागात स्थायिक झाली. तेथील बस कंपनी गोऱ्यांखेरीज इतरांना चालक-वाहक म्हणून घेत नसे, म्हणून १९६३ मध्ये तिच्या बसवर बहिष्कार पुकारण्यात आला. तो यशस्वी झाल्यावर वाहक म्हणून पहिल्यांदा नेमणूक झाली ती रघबीर सिंग या शीख माणसाची. पुढे १९८० मध्ये याच भागात पोलिसांच्या एका छाप्यावरून दंगल उसळली. या सगळ्या काळात सेंट पॉल्समधल्या तळघरांत आणि घरगुती मेळाव्यांत जमैकाहून आलेली ‘साउंड सिस्टिम’ची पद्धत रुजत होती.

साउंड सिस्टिम म्हणजे नुसता लाउडस्पीकर नव्हे. माणसाच्या उंचीचे स्पीकर, तबकड्या निवडणारा एक जण, माइकवरून त्या संगीतावर बोलणारा दुसरा आणि हा सारा सरंजाम उचलून गावोगाव नेणारी टोळी, असा तो जथा असतो. त्यात वादक आणि गायक नसले तरी चालते. गाणे दुसऱ्याचे असते आणि ते कोणत्या वेळी, कोणत्या गाण्यानंतर आणि किती खर्जात वाजवायचे यात जथ्याची कला असते. ब्रिस्टलच्या अशा एका जथ्याचे नाव होते ‘द वाइल्ड बंच’. त्यातल्या ग्रँट मार्शल ऊर्फ डॅडी जी, रॉबर्ट डेल नाया ऊर्फ थ्रीडी आणि अँड्र्यू व्होल्स ऊर्फ मशरूम या तिघांनी १९८८ च्या सुमारास ‘मॅसिव्ह अटॅक’ सुरू केले. मार्शल यांचे आईवडील बार्बाडोसचे होते, डेल नाया यांचे घराणे वडिलांकडून इटलीतले होते आणि संगीतात येण्याआधी ते गावातल्या भिंतींवर ग्राफिटी काढत. त्यांच्याभोवती वावरणाऱ्यांत एड्रियन थॉज नावाचा एक तरुण होता, जो पुढे ‘ट्रिकी’ या नावाने स्वतंत्रपणे गाजला.

तात्पर्य, हे लोक मुळात वाद्ये वाजवणारे नव्हते, तबकड्या वाजवणारे होते. ‘कलेक्टेड’मधल्या गाण्यांना एकच गायक का नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. जथा कायम राहतो आणि माइक हातोहाती फिरतो, ही त्यांची जुनी सवय होती आणि बँड झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही.

‘ट्रिप हॉप’ हे नाव मात्र त्यांचे नव्हे. ‘मिक्समॅग’ या ब्रिटिश मासिकात अँडी पेम्बर्टन यांनी १९९४ मध्ये ते वापरले, आणि तेही डीजे शॅडो या अमेरिकी कलावंताच्या संगीताविषयी लिहिताना. तोवर मॅसिव्ह अटॅकचा पहिला अल्बम येऊन तीन वर्षे झाली होती. पुढे पोर्टिसहेड, ट्रिकी आणि इतर अनेकांवर तीच चिठ्ठी चिकटवली गेली आणि ज्यांच्यावर ती चिकटवली त्यांतल्या बहुतेकांना ती कधी आवडली नाही. मलाही ती फारशी उपयोगी वाटत नाही, परंतु दुकानाच्या कप्प्याला काहीतरी नाव द्यावेच लागते आणि हे नाव आता जाणार नाही.

नावापेक्षा घडण समजून घेणे अधिक सोपे आहे. हिप हॉपमधून ठेका घ्यावा, तो संथ करावा, जमैकाच्या डबमधून खर्ज आणि पोकळी घ्यावी, त्यावर सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावोत्कट गायन) किंवा रेगे (जमैकाचे लोकप्रिय संगीत) गाणाऱ्याचा गळा ठेवावा आणि बाकी जागा बऱ्यापैकी रिकामी सोडावी, अशी ही कृती आहे. यात आणखी दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. त्यांतली पहिली ‘डब’. जमैकाच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी १९७० च्या दशकात तयार रेगे गाण्यांतून गायकाचा आवाज काढून टाकायला, ढोल आणि बास (खर्जातली गिटार) तेवढे पुढे आणायला आणि मधूनच एखाद्या गिटारच्या ठोक्याला किंवा अर्ध्या शब्दाला प्रतिध्वनीत सोडून द्यायला सुरुवात केली. मूळ गाण्याचा सांगाडा तेवढा उरतो आणि तो सांगाडाच ऐकण्याजोगा होतो. मॅसिव्ह अटॅकने आपल्या दुसऱ्या अल्बमचे असे रूप मॅड प्रोफेसर या डब कलावंताकडून करवून घेतले आणि १९९५ मध्ये ते स्वतंत्र अल्बम म्हणून प्रसिद्धही केले.

दुसरी गोष्ट ‘सॅम्पल’. कोणत्या तरी जुन्या तबकडीतला काही सेकंदांचा तुकडा, म्हणजे ढोलाचे एक-दोन ठेके, बासची एक ओळ किंवा नुसती एक हाक, कापून यंत्रात साठवायचा आणि तो अखंड फिरवत ठेवायचा, याला सॅम्पल घेणे म्हणतात. १९९० च्या आसपासच्या यंत्रांत स्मृती इतकी थोडी असे, की तुकडा छोटाच घ्यावा लागे आणि त्याचे आवर्तनही छोटेच होई. स्वतंत्र तबलावादन ऐकणाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. तेथे हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा फिरत राहतो, तोच, तसाच, आवर्तनामागून आवर्तन. आणि त्याच्या स्थिरपणामुळे तबल्यातले बारकावे उठून दिसतात. ट्रिप हॉपमध्ये कामांची अदलाबदल झालेली असते. येथे ठेका आणि खर्जच लेहऱ्यासारखे फिरतात आणि त्यांच्यावर गळा मोकळेपणाने हिंडतो.

‘कलेक्टेड’चे पहिलेच गाणे घ्या. ‘सेफ फ्रॉम हार्म’ सुरू होते ते एका घोटीव, किंचित दबा धरून चालणाऱ्या बासच्या ओळीने. ही ओळ ड्रमवादक बिली कॉबम यांच्या १९७३ मधल्या ‘स्ट्रॅटस’ या जॅझ-रॉक रचनेतली आहे. मुळात ती एका लांबलचक रचनेत वादकांच्या कसरतींना आधार म्हणून चालते. येथे त्या कसरती गळून पडल्या आहेत आणि आधार तेवढा शिल्लक आहे. त्यावर शारा नेल्सन यांचा भरदार, सोलच्या वळणाचा गळा येतो आणि मधल्या जागांतून थ्रीडींचे कुजबुजणे. आपल्या माणसाचे रक्षण करण्याची भाषा आणि तिच्याखाली सतत टिकून राहिलेला धोका, असा हा मामला आहे. गाणे पाचेक मिनिटे चालते, पण बासची ओळ पुढे सरकत नाही. आपले लक्ष तेवढे तिच्याभोवती फिरत राहते.

आठव्या क्रमांकावरचे ‘अनफिनिश्ड सिम्पथी’ हे या बँडचे सर्वांत प्रतिष्ठेचे गाणे. शूबर्ट या युरोपीय संगीतकाराच्या अपुऱ्या सिम्फनीच्या नावावरचा हा शब्दखेळ आहे. त्यातली पुन्हा पुन्हा येणारी हाक महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडच्या १९७६ मधल्या ‘प्लॅनेटरी सिटिझन’ या गाण्यातून उचललेली आहे. गंमत अशी, की बिली कॉबम हेही याच महाविष्णू ऑर्केस्ट्राचे आधीचे ड्रमवादक होते. म्हणजे मॅसिव्ह अटॅकच्या पहिल्या अल्बममधल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या गाण्यांच्या पायात या ऑर्केस्ट्राचे संस्थापक, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या एकाच परिवारातले दगड आहेत. ‘महाविष्णू’ हे नाव मॅकलॉफ्लिन यांना श्री चिन्मय या त्यांच्या बंगाली गुरूंनी दिले होते, आणि पुढे ते ‘शक्ती’ या चमूत मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत वाजवू लागले. ब्रिस्टलच्या मुलांनी हे सगळे मनात धरून तबकडी निवडली असेल असे नाही. त्यांना बहुधा ती हाक आवडली असेल. पण जुन्या तबकड्यांच्या ढिगातून काम करणाऱ्याच्या हाती असे धागे न शोधताही लागतात.

या गाण्यासाठी त्यांना खरे व्हायोलिनवादक हवे होते. आधी सिंथेसायझरवर वाजवलेले तंतुवाद्यांचे सूर पुरेसे वाटेनात, म्हणून विल मलोन यांच्याकडून मांडणी करून घेऊन लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंद बसवला गेला. गाणे १९९१ च्या फेब्रुवारीत निघाले, तेव्हा आखाती युद्ध चालू होते. ‘अटॅक’ म्हणजे हल्ला हा शब्द नावात असलेला बँड रेडिओवर अडचणीचा ठरेल, म्हणून त्या एका गाण्यापुरते त्यांचे नाव नुसते ‘मॅसिव्ह’ असे छापले गेले. गाणे ब्रिटनच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याची चित्रफीत बेली वॉल्श यांनी लॉस एंजेलिसच्या एका रस्त्यावर सलग एकाच दृश्यात घेतली: शारा नेल्सन फुटपाथवरून गात चालत राहतात, आजूबाजूला रस्त्यावरचे नेहमीचे जग आपापल्या कामात असते आणि कोणीही त्यांच्याकडे वळून पाहत नाही. इतर बहुतेक गाण्यांच्या मानाने हे गाणे चपळ आहे. तरीही त्यातली ती एकटी चाल पाहिली, की ते संथ होते असेच पुढे आठवत राहते, निदान माझ्या बाबतीत तरी.

आता क्रमाकडे वळू, कारण माझ्या मते ‘कलेक्टेड’चे खरे काम क्रमात आहे. २००६ पर्यंत बँडचे चार अल्बम झाले होते: १९९१ चा ‘ब्लू लाइन्स’, १९९४ चा ‘प्रोटेक्शन’, १९९८ चा ‘मेझनाइन’ आणि २००३ चा ‘हंड्रेड्थ विंडो’. संग्रहात या चौघांची गाणी अनुक्रमे तीन, तीन, चार आणि तीन आहेत आणि शेवटी एक नवे गाणे आहे. वाटणी इतकी समतोल आहे, की ती मुद्दाम केली असावी हे उघड आहे. पण समतोल ठेवूनही ती वर्षवार लावलेली नाही. सुरुवात ‘ब्लू लाइन्स’च्या पहिल्याच गाण्याने होते, त्यानंतर ‘कर्माकोमा’मध्ये ट्रिकी आणि थ्रीडी जांभई देत असल्यासारखे आळीपाळीने बोलतात, आणि मग एकदम ‘मेझनाइन’ची ‘एंजल’, ‘टिअरड्रॉप’ आणि ‘इनर्शिया क्रीप्स’ अशी तीन गाणी सलग येतात. मूळ अल्बमवर ‘एंजल’ आणि ‘टिअरड्रॉप’ यांच्यामध्ये ‘रायझिंगसन’ होते. ते तेथून काढून येथे नवव्या क्रमांकावर, बरोबर ‘अनफिनिश्ड सिम्पथी’च्या पाठीशी लावले आहे, आणि त्यामुळे वाद्यवृंदाच्या उबदार प्रकाशातून ऐकणारा थेट एका धुरकट, संशयी खोलीत जाऊन पडतो.

त्याच्या आधीची उडी तर याहून मोठी आहे. सातव्या क्रमांकावर ‘बटरफ्लाय कॉट’ आहे, म्हणजे २००३ चे, संगणकावर कोरल्यासारखे थंड गाणे. त्याला लागून १९९१ चे ‘अनफिनिश्ड सिम्पथी’ येते. मागे जाण्याची ही बारा वर्षांची उडी कानाला खटकायला हवी होती. ‘हंड्रेड्थ विंडो’ हा त्यांचा पहिला असा अल्बम, की ज्यात दुसऱ्याच्या तबकडीतले एकही सॅम्पल नव्हते. तेव्हा बँडमध्ये प्रत्यक्ष काम करणारे एकटे थ्रीडी उरले होते आणि सोबत निर्माते नील डेव्हिज होते. म्हणजे या दोन गाण्यांत माणसे वेगळी, साधने वेगळी आणि गळेही वेगळे. तरीही सांधा बसतो, कारण दोन्हीकडे गाण्याचे वजन खालीच आहे. सूर वरून उतरत नाही, खर्जातून वर येतो, आणि गळा त्या खर्जाच्या थोडा मागे, जणू दार अर्धे लोटलेल्या खोलीत, उभा असतो. मला वाटते, बँडचा खरा ‘आवाज’ हा आहे. गायक बदलले तरी तो बदलत नाही.

खर्जाविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. मोबाइल फोनचा चिमुकला स्पीकर इतक्या खालचे सूर जवळजवळ वाजवतच नाही. वरच्या उपसुरांवरून आपला मेंदू खालच्या सुराचा अंदाज बांधतो, इतकेच. पॉप गाणी त्यातूनही तरून जातात, कारण त्यांची चाल वरच्या पट्टीत असते. मॅसिव्ह अटॅकचे गाणे फोनवर लावणे म्हणजे इमारतीचा वरचा मजला तेवढा पाहण्यासारखे आहे. ज्यांना हे संगीत ‘काहीच घडत नाही’ असे वाटते, त्यांतल्या निम्म्यांनी ते चुकीच्या यंत्रावर ऐकलेले असते, असा माझा अनुभव आहे. बऱ्यापैकी हेडफोन असले तरी पुरे.

हेडफोन लावून ‘एंजल’ ऐकावे. पहिल्या काही सेकंदांत एकच बासची ओळ आणि तिच्या पोटात ढोलाचा दबका ठोका असतो. मग कडेने झांजेचा हलका शिडकावा होतो. बरीच आवर्तने गेल्यावर हॉरेस अँडी यांचा उंच, थरथरता, किंचित कापऱ्या कडेचा गळा येतो. हे जमैकाचे ज्येष्ठ रेगे गायक; ‘एंजल’ची मूळ कल्पना त्यांच्याच जुन्या गाण्यावर बेतलेली आहे. बँडच्या प्रत्येक अल्बममध्ये गायलेला पाहुणा त्यांच्याखेरीज दुसरा नाही. त्यांच्या गळ्याखाली बास तसाच चालू असतो आणि त्याच्यामागून गिटारचा एक खरखरीत पडदा इतका सावकाश सरकत येतो, की तो नेमका कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. मध्यावर तो पडदा एकदम भिंत होतो, गळा त्यात जवळजवळ बुडतो आणि गाणे पुन्हा ओसरते. सुरावट म्हणाल तर मूठभर स्वरांचीच. जे घडते ते सगळे थरांच्या जाडीत घडते.

लगेच येणारे ‘टिअरड्रॉप’ ही आधी सांगितलेली पहिल्या दहांतली एकुलती एक नोंद. ते दहाव्या क्रमांकापर्यंत पोचले. त्याचा वेग मिनिटाला जेमतेम ७७ ठोक्यांच्या आसपास आहे, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीइतका, आणि ढोलाचा ठोकाही छातीतल्या धडधडीसारखाच लावला आहे. त्यावर हार्प्सिकॉर्ड या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या वळणाची एक छोटी आकृती फिरते आणि वर एलिझाबेथ फ्रेझर यांचा गळा. त्यांची गाण्याची पद्धत अशी, की शब्द स्पष्ट असूनही अर्थापेक्षा नादच आधी पोचतो. ध्वनिमुद्रणाच्या काळातच त्यांचे जुने स्नेही, गायक जेफ बकली, नदीत बुडून गेल्याची बातमी त्यांना कळली. पुढे ‘हाउस’ या अमेरिकी वैद्यकीय मालिकेने याच गाण्याचा वाद्यांपुरता भाग शीर्षकसंगीत म्हणून घेतला आणि बँडचे नावही न ऐकलेल्या लाखो घरांत ते पोचले. मालिका पाहिलेल्या अनेकांना ‘कलेक्टेड’च्या चौथ्या गाण्यापाशी आल्यावर आपण हे ऐकले आहे हे लक्षात येते, आणि त्यात गाणारी एक बाई आहे याचे आश्चर्य वाटते.

‘इनर्शिया क्रीप्स’मागे इस्तंबूलमध्ये कानावर पडलेले तुर्की नृत्यसंगीत आहे, हे त्याच्या तालवाद्यांवरून चटकन ओळखू येते. त्यानंतरचे ‘प्रोटेक्शन’ हे ट्रेसी थॉर्न यांनी इतक्या संयमाने गायले आहे, की त्याला आणखी स्पष्टीकरण नको. ‘स्लाय’मध्ये निकोलेट आणि ‘व्हॉट युअर सोल सिंग्ज’मध्ये शिनेड ओकॉनर आहेत. ‘फ्युचर प्रूफ’ मला या संग्रहातली कमकुवत जागा वाटते. ते ज्या अल्बममधून आले तेथे दार उघडणारे गाणे म्हणून शोभते, येथे अकराव्या क्रमांकावर नुसते वातावरण होऊन राहते.

आता ‘हिट’ या शब्दाकडे. ‘डेड्रीमिंग’ हे १९९० चे एकेरी गाणे, म्हणजे स्वतंत्रपणे विकायला काढलेले ‘सिंगल’, या संग्रहात नाही, २००३ चे ‘स्पेशल केसेस’ही नाही, उलट कधीच एकेरी गाणे म्हणून न निघालेले ‘फाइव्ह मॅन आर्मी’ आहे. ते का घेतले असावे, हे ऐकल्यावर कळते. त्यात जुन्या जथ्यातले लोक एकामागून एक माइक घेतात आणि मध्ये हॉरेस अँडी गातात. साउंड सिस्टिमच्या रात्रीचा जवळजवळ तो फोटोच आहे. म्हणजे निवडीचा निकष खपाचा नव्हता. अल्बमच्या नावातही ‘ग्रेटेस्ट’ किंवा ‘बेस्ट’ नाही. इंग्रजीत ‘कलेक्टेड’ हा शब्द कवींच्या समग्र ग्रंथांवर छापतात, आणि येथे आतला माल मात्र ‘निवडक’ आहे. आपल्याकडच्या एखाद्या प्रकाशकाने निवडक कवितांच्या पुस्तकावर ‘समग्र’ छापले असते, तर वाचकांनी पत्रे पाठवली असती.

असे संग्रह निघतात तरी का, याचे उत्तर बरेचसे हिशेबाचे असते. नव्या अल्बमला स्टुडिओ, वादक आणि महिनेच्या महिने लागतात. संग्रहाची गाणी आधीच मुद्रित असतात. सीडीत सुमारे ८० मिनिटे मावत असल्याने चौदा गाणी एका तबकडीवर बसतात. ज्यांच्याकडे जुने अल्बम आधीच आहेत त्यांनीही विकत घ्यावे, म्हणून एखादे नवे गाणे जोडतात. मॅसिव्ह अटॅकच्या बाबतीत याला आणखी एक कारण होते. मशरूम १९९९ मध्ये बाहेर पडले होते, कारण ‘मेझनाइन’चे गिटारप्रधान, काळवंडलेले वळण त्यांना पसंत नव्हते. २००३ च्या अल्बममध्ये डॅडी जी नव्हते. पुढचा अल्बम ‘हेलिगोलँड’ यायला २०१० उजाडले. सात वर्षांच्या त्या खंडाच्या साधारण मध्यावर ‘कलेक्टेड’ आला आणि दोन उरलेल्या माणसांना लोकांसमोर पुन्हा एकत्र उभे राहायला निमित्त मिळाले.

सॅम्पलवर उभ्या असलेल्या बँडच्या संग्रहात कायद्याची एक गाठही असते. जुन्या तबकडीतला तुकडा वापरताना दोन वेगवेगळ्या हक्कांना हात लागतो: एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, जो बहुधा कंपनीकडे असतो, आणि दुसरा मूळ रचनेचा, जो रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो. दोघांची परवानगी लागते आणि दोघांना मोबदला द्यावा लागतो. ‘ब्लू लाइन्स’ एप्रिल १९९१ मध्ये आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध, गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना घेतल्याबद्दल, कडक निकाल दिला. त्यानंतर तबकड्यांच्या ढिगात हात घालण्याआधी वकिलाला विचारणे भाग पडू लागले. मॅसिव्ह अटॅकलाही याची झळ बसली. ‘मेझनाइन’मधल्या ‘ब्लॅक मिल्क’ या गाण्यावरून मॅनफ्रेड मान यांच्या बँडने त्यांच्यावर दावा लावला होता. ते गाणे ‘कलेक्टेड’च्या मुख्य चौदांत नाही, सोबतच्या दुसऱ्या तबकडीवर ‘ब्लॅक मेल्ट’ अशा किंचित बदललेल्या नावाने ते भेटते.

ही दुसरी तबकडी संग्रहाच्या विशेष आवृत्तीत होती आणि तिच्यावर इकडे-तिकडे विखुरलेले काम एकत्र केलेले आहे: सोल गायक मार्विन गे यांना आदरांजली म्हणून निघालेल्या १९९५ च्या अल्बमसाठी मॅडोनासोबत केलेले ‘आय वाँट यू’, ‘ब्लेड २’ या चित्रपटासाठी रॅपर मॉस डेफसोबत केलेले ‘आय अगेन्स्ट आय’, आणि काही चित्रपटांचे पार्श्वसंगीत. अभ्यासकाला ती हवीहवीशी वाटेल. प्रथमच ऐकणाऱ्याने ती खुशाल बाजूला ठेवावी, कारण तेथे क्रमाचा तो विचार नाही आणि तुकडे तुकड्यांसारखेच लागतात.

पहिल्या तबकडीच्या शेवटी, चौदाव्या क्रमांकावर, ते नवे गाणे येते: ‘लिव्ह विथ मी’. येथला गळा टेरी कॅलिअर यांचा. शिकागोच्या या गायकाने १९६० आणि ७० च्या दशकांत लोकसंगीत, जॅझ आणि सोल यांच्या सीमेवरची गाणी केली, पुरेसे चालले नाही म्हणून गाणे सोडले, संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकून शिकागो विद्यापीठात नोकरी धरली आणि मुलीला वाढवले. ब्रिटनमधल्या डीजेंना १९९० च्या दशकात त्यांच्या जुन्या तबकड्या सापडल्या आणि तेथून बोलावणी येऊ लागली, तेव्हा ते नोकरीतल्या सुट्ट्या घेऊन गायला जात. म्हणजे त्यांना परत आणणारेही तबकड्या चाळणारे लोकच होते. ‘लिव्ह विथ मी’त सॅम्पलऐवजी तो माणूसच बोलावला आहे. साठी उलटलेला, कडेला खरवडलेला गळा आहे, मागे तंतुवाद्ये आहेत, आणि खाली, पहिल्या गाण्यापासून जेथे होता तेथेच, तो बास चाललेला आहे.